रविवारचं ऊन

केझाया फेल्थम देवावर रागवायची ती फक्त उन्हाळ्यात. हिवाळाभर तिची काही तक्रार नसे. दारापर्यंत बर्फ साचो, बादलीतलं पाणी गोठो, वारा चुलीचा धूर घरात लोटो, ती स्तोत्र गुणगुणत फावडं मारायची. पण जून उजाडला, माचावर मासा चढला, की तिचं आणि वरच्याचं वाजायला लागे.

आमच्याकडे नुसतं 'मासा' म्हटलं की तो कॉडच. हेरिंगला हेरिंग म्हणतात, सामनला सामन म्हणतात, मासा एकच. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर माणूस आला तोच त्या माशापायी. फार पूर्वी इंग्लंडहून जहाजं यायची ती उन्हाळ्यापुरती. मासा धरायचा, खारवायचा, सुकवायचा, की शिडं उभारून घरी. मग कुणाचा तरी पणजोबा माचांची राखण करायला एका हिवाळ्यासाठी मागे राहिला, आणि राहिला तो राहिलाच. इथं नांगर घालावा अशी माती नाही. घरं बांधली तीसुद्धा एकमेकांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून. मासा आला की बंदरात लग्नं ठरत. नाही आला की पोरं परमुलखात जात आणि ख्रिसमसला त्यांचं पत्र येई.

आमच्या गनर्स कोव्हमध्ये होड्यांचा तांडेल पुरुष असे, पण किनाऱ्याची तांडेल बाई. पुरुषांनी मासा आणावा, चिरावा, मिठात घालावा. त्यापुढं सगळं बाईच्या हातात. मासा मिठातून काढून धुवायचा, खडकावर फरच्या झाडाच्या दांड्या आणि फांद्या घालून बांधलेल्या उंच माचावर पसरायचा, ऊन चढलं की पालथा घालायचा, संध्याकाळी गोळा करून ढीग रचायचा, वर झाडाची साल आणि सालीवर दगड. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. असं आठवडेच्या आठवडे. ऊन कमी पडलं तर मासा बुळबुळीत होतो, त्यावर तपकिरी बुरशी धरते. जास्त लागलं तर मांस उन्हातच शिजतं आणि बोट लावलं की पाकळ्यांसारखं सुटतं. त्या दोन्हींच्या मधे जी काय जागा आहे तिथं बाईची अब्रू.

केझाया सात वर्षांची असल्यापासून माचावर होती. तिची आई सेलिना तिला माशाच्या जाड भागावर अंगठा दाबायला लावायची आणि विचारायची, "काय म्हणतो?" चुकीचं सांगितलं तर त्याच माशाची चापट. लग्न होऊन ती एलमच्या घरात आली तेव्हा सासूने पहिला उन्हाळा तिचं काम बघितलं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात स्वतः विणकाम घेऊन बसली. केझायाची दोन्ही मुलं जन्मली ती मासा सुकायच्या दिवसांत. बाळंतपणाच्या खोलीतूनही ती ओरडायची, "वारा फिरला गं! ढीग झाका!"

एलम फेल्थम शांत माणूस. बोलायचा थोडं, पण त्यातलं निम्मं चेष्टेचं. त्याच्याकडून तिने एकच गोष्ट आयुष्यभर मागितली: बर्फावर जाऊ नकोस.

बर्फावर म्हणजे सीलच्या शिकारीला. मार्चात जहाजं उत्तरेच्या तरंगत्या बर्फात जातात, माणसं त्या बर्फावर उतरून दिवसभर चालतात, आणि जहाज सापडलं तर परत चढतात. ज्याचा मासा नीट उतरला नाही त्याला हिवाळ्याच्या शेवटी पिठाचं पिंप रिकामं दिसतं, तो बर्फावर जातो. केझायाचा धाकटा भाऊ जेबेझ गेला होता. परत आला तो गोठलेला, गुडघे पोटाशी घेतलेला. शवपेटीत मावेना. त्याला चुलीशेजारी ठेवून ऊब द्यावी लागली तेव्हा कुठे पाय सरळ झाले. ते काम केझायाने केलं होतं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

मंदीच्या दिवसांत एका मार्चला एलम गेलाच. परतला तो छातीत खोकला घेऊन. केझायाने त्याच्या छातीला हंसाची चरबी चोळता चोळता त्याच्याकडून वचन घेतलं.

"बोल. येत्या वर्षी जाणार नाही."

"मासा पहिल्या प्रतीचा उतरला तर नाही जाणार."

"उतरेल."

"उन्हाला विचारलंस?"

"ऊन माझं मी बघते. तू शब्द दे."

त्याने दिला. आणि त्याच उन्हाळ्यात धुकं बसलं.

धुकं तर दर वर्षीचंच. पण या धुक्याला सवय लागली होती. सोमवारी सकाळी समुद्रावरून सरकत यायचं, शनिवारपर्यंत माचावर ठिय्या मारून बसायचं. आणि रविवारी पहाटे असं लख्ख ऊन, की समोरच्या टेकडीवरचं एकेक झुडूप मोजून घ्यावं. रविवार मावळला की सोमवारी पुन्हा धुकं. एकदा झालं, लोक हसले. दुसऱ्यांदा झालं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. तिसऱ्या रविवारी केझाया चर्चमधून परत येताना माचापाशी थांबली, ढिगावरची साल वर करून आत हात घातला, आणि हात पुसायला विसरली. मासा बुळबुळीत व्हायला लागला होता.

आम्ही मेथडिस्ट लोक. रविवारी चुलीत लाकूड घालतो तेसुद्धा शनिवारीच फोडून ठेवलेलं. रविवारी चाकू उचलत नाही, सुई धरत नाही, मासा तर नाहीच नाही. पण खाडीच्या पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, आयरिश कॅथलिक लोकांची घरं होती. त्यांचा फादर मोठा व्यवहारी. मिस्साची प्रार्थना संपवता संपवता खिडकीतून आभाळ बघायचा आणि म्हणायचा, "जा, मासा पसरा, देव तुमचं कल्याण करो." म्हणजे इकडे केझाया चांगला झगा घालून हातावर हात ठेवून ओसरीवर बसलेली, आणि तिकडे ब्राइड टोबिन बाह्या सरसावून माचावर. वर तिकडून ओरडायची:

"केझाया! अगं ऊन बघ कसलं पडलंय! मासा काय दागिना आहे का, झाकून ठेवायला?"

"आमचा आम्ही बघू!"

"बघा बघा. बघण्याला तरी बंदी नाही ना तुमच्यात?"

त्याच्या आदल्या वर्षी एकदा अचानक वीज कडाडून पाऊस आला तेव्हा ही ब्राइड रविवारीच होडी वल्हवत आली होती, केझायाचा उघडा पडलेला ढीग झाकायला. केझायाने सगळ्यांसमोर तिला सुनावलं होतं, "रविवार मोडलेला हात माझ्या माशाला लावू नकोस." ब्राइडने तो हात तसाच एप्रनला पुसला आणि होडी वळवली. त्यानंतरही दोघी ओरडून बोलत, पण पाणी ओलांडून कुणी येत-जात नसे.

तिसऱ्या रविवारनंतर केझाया पाळकसाहेबांकडे गेली. मिस्टर हॉलेट तरुण होते, भले होते, आणि कुणालाही नाही म्हणायला फार घाबरत.

"साहेब, मला एक सांगा. रविवारी मासा पसरू का नको?"

"मिसेस फेल्थम, चहा घ्या ना."

"चहा घरी पिऊन आले. पसरू का नको?"

"असं बघा, आज्ञा तर स्पष्ट आहे. पण गरज हीसुद्धा... म्हणजे बायबलातल्या, विश्रांतीच्या दिवशी खड्ड्यात पडलेल्या बैलाचा प्रश्न जेव्हा..."

"माझा बैल नाही, मासा आहे. होय म्हणा, मी पसरते. नाही म्हणा, मी कुजवते. पण काहीतरी म्हणा."

मिस्टर हॉलेट कप बशीत फिरवत म्हणाले, "ज्याने त्याने आपल्या विवेकाला विचारावं."

केझाया घरी आली ती दार आपटतच. "विवेकाला विचार म्हणे! विवेकाला कळत असतं तर यांना घर बांधून कशाला दिलं असतं आपण?"

एलम जाळं दुरुस्त करत होता. "मग विवेक काय म्हणतो?"

"तो पण चहा घ्या म्हणतो."

आठवडाभर तिने डोकं चालवलं. आणि शनिवारी दुपारी, धुकं इतकं दाट की धक्क्यावरून होडी दिसत नव्हती, तिने नणंद पेशन्सला हाक मारली.

"चल. मासा पसरायचाय."

"वहिनी, बरी आहेस ना? पाणी ठिबकतंय हवेतून."

"उद्या ऊन पडणार. आज आपण पसरून ठेवू. उद्या हात लावायचा नाही. सोमवारी उचलू. मग रविवार कुणी मोडला?"

एलमने पाइप तोंडातून काढला. "म्हणजे देवाला फसवायचं."

"फसवायचं कसलं? आम्ही शनिवारी काम केलं, सोमवारी काम केलं. मधे जे होईल ते त्याचं काम."

"आणि पाऊस आला तर?"

"या उन्हाळ्यात रविवारी कधी पाऊस आलाय?"

एलमने पाइप पुन्हा तोंडात धरला. पेशन्सजवळ मात्र एक प्रश्न होता. "ऊन चढल्यावर पालथा कोण घालणार?"

"वारा असेल. वारा असला की भाजत नाही."

"तर मग पालथाच पसरू की. कातडं वर."

केझायाने मनात हिशेब केला. पालथा पसरला तर भाजण्याची भीती नाही, पण सुकणार निम्मा. आणि तिला निम्म्याने भागणार नव्हतं. मासा वेळेत सुकून पहिल्या प्रतीचा उतरायला हवा होता, मार्च यायच्या आधी. "उताणा," ती म्हणाली. "मांस वर."

सूर्य बुडायच्या आत सगळा माच भरला. पांढऱ्या माशांच्या ओळी धुक्यात शिरून दिसेनाशा झाल्या होत्या.

रविवारी ऊन पडलं. केझायाने खिडकीचा पडदा सारला आणि तिला हसूच आलं. वायव्येचा छान वारा होता. माच चमकत होता. हात न लावता, बोट न उचलता तिचा मासा सुकत होता. चर्चला जाताना ती माचाजवळून गेली, पण वाकून बघितलंसुद्धा नाही. इतकी ती प्रामाणिक.

त्या दिवशी बायबलवाचनाला निघाली रानातल्या मान्न्याची, देवाने आभाळातून पाडलेल्या अन्नाची गोष्ट. लोकांनी आदल्या दिवशी गोळा करून ठेवलेला मान्ना शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी सडला नाही, त्यात किडे पडले नाहीत. केझायाच्या अंगावर काटा आला. तिने एलमच्या कोपराला हळूच कोपर लावलं. ऐकलंस? आणखी कसली खूण हवी?

मिस्टर हॉलेट उपदेशाला उभे राहिले तेव्हा चर्चच्या छपरावर घंटेची दोरी वाऱ्याने टकटक करत होती. रोजचाच आवाज, कुणाच्या लक्षातही येत नसे. उपदेशाच्या मध्यावर केझायाच्या ध्यानात आलं, की दोरी थांबली आहे.

ती सावध झाली. खिडकीच्या काचेवर माशी रांगत होती, आरामात. बायका हळूहळू हातरुमालाने वारा घेऊ लागल्या. पुढच्या बाकावरच्या माणसाच्या मानेवर घामाचा थेंब आला. वारा पार थांबला होता आणि ऊन भर माथ्यावर होतं.

एलम पुटपुटला, "जा."

तिने मान हलवली.

"अगं जा. मी सांगतो पोट दुखत होतं म्हणून."

"सडला नाही म्हणून आताच वाचलं ना," ती ओठ न हलवता म्हणाली. "आता उठले तर माझा भरवसा नव्हता असं होईल."

"त्यांचा मान्ना होता. आपला मासा आहे."

पण ती उठली नाही. मिस्टर हॉलेट बोलत राहिले. मग गीत. मग आणखी एक गीत, कारण पेटी वाजवणाऱ्या बाईंना त्याची चाल आवडे. मग दूरदेशीच्या मिशनऱ्यांसाठी प्रार्थना. केझायाने मुठी इतक्या आवळल्या होत्या की तळव्यात नखांचे वण उठले. पण आशीर्वचनाचा आमेन होईपर्यंत ती बाकावर खिळून होती. देवाने तिच्याशी करार केला होता, निदान तिची तशी समजूत होती.

माचापर्यंत ती पळाली नाही. रविवारी पळणं शोभत नाही. पोहोचली, वाकली, आणि पहिल्याच माशाला अंगठा लावला. मांस हाडापासून अलगद सुटून वर आलं. पुढचा. तोही. सगळी ओळ शिजलेली. आता हात लावूनही उपयोग नव्हता आणि न लावून पुण्यही नव्हतं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

पेशन्स रडायला लागली. केझाया रडली नाही. ती वर बघून म्हणाली, "बरं." एवढंच. पण ज्या स्वरात म्हणाली, तो ऐकून एलमने टोपी काढली.

संध्याकाळी पलीकडून होडी आली. ब्राइड टोबिन होडीतून उतरली नाही, वल्ही धरून तशीच बसली.

"मला इथून दिसत होतं," ती म्हणाली. "वारा पडला तेव्हाच दिसलं. मी होडीत बसलेसुद्धा होते गं. चार वल्ही मारली. मग तू काय म्हणाली होतीस ते आठवलं."

केझाया पाण्याच्या कडेपर्यंत आली.

"तू म्हटलं नसतंस तर आम्ही सगळ्या जणी आलो असतो. गीत संपायच्या आत पालथा घातला असता सगळा."

"ठाऊक आहे."

"मग असं म्हणतेस कशाला माणसाला?"

"आता जा ब्राइड. चांगली आहेस तू, पण आता जा."

शरदात व्यापाऱ्याच्या पेढीवर मासा नेला. पेढीचा पारखी सायलसकाका टेबलाशी उभा राहून एकेक मासा उचलायचा, उजेडात धरायचा आणि ढिगावर टाकायचा. पहिल्या प्रतीचा ढीग स्पेनला आणि इटलीला जातो. शेवटचा जातो वेस्ट इंडीजला. तिथं उसाच्या मळ्यात राबणाऱ्यांना आमच्या बिघडलेल्या उन्हाळ्यांवर पिढ्यान् पिढ्या पोट भरावं लागलं आहे. सायलसकाकाने फेल्थमांचा मासा उचलला, पुन्हा बघितला, आणि चष्म्यावरून केझायाकडे पाहिलं.

"पोरी, हा तुझा मासा नाही."

"माझाच आहे, काका."

"तुझ्या आईचा मासा बघितलाय मी. तुझा वीस वर्षं बघतोय."

"टाका काका. जिथं जायचाय तिथं टाका."

त्याने टाकला. वेस्ट इंडीज. पुन्हा वेस्ट इंडीज. प्रत्येक मासा पडताना लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज यायचा तो आज आला नाही, कारण मासा मधेच मोडत होता.

हिवाळ्यात एलमने बर्फाचा विषय काढला नाही. तिनेही नाही. फेब्रुवारीत पिठाच्या पिंपात तळाची फळी दिसायला लागली. एका सकाळी केझायाने बघितलं, तो आपल्या बुटांच्या तळव्यात खिळे ठोकत होता, बर्फावर पाय घसरू नये म्हणून.

"शब्द दिला होतास," ती म्हणाली.

"माशावर दिला होता, केझी."

"माझ्यामुळे चाललायस तू."

"उन्हामुळे."

"मी बाकावरून उठले असते तर..."

"उठली असतीस तर ती तू नसतीस." मग त्याला त्यातही चेष्टा सुचली. "आणि बर्फावर एक बरं आहे. तिथं ऊन लागून काही शिजत नाही."

ती हसली नाही. तिने मोजे विणले. आधी विणले ते उसवून पुन्हा विणले, आणखी घट्ट.

एलम परत आला. वादळात रात्रभर बर्फावर अडकून पडलेल्या टोळीतला तो एक होता. चालत चालत जहाजापर्यंत आला, पण डाव्या पायाची सगळी बोटं तिथल्या डॉक्टरांनी काढली. बंदरातल्या बायका म्हणाल्या, देवाने वाचवला. केझायाही आभार मानायला चर्चमध्ये उभी राहिली, पण गीत संपायच्या आत बसली.

बोटं नसलेल्या पायावर डुलत्या होडीत उभं राहता येत नाही. मे महिन्यात जाळी पाण्यात पडली तेव्हा केझायाच एलमबरोबर होडीवर गेली. पहाटे जाळं ओढायचं, दुपारी येऊन मासा चिरायचा, आणि मग माच. ज्या हाताने अंगठा दाबून माशाची नस ओळखायची त्या हाताला दोराने घट्टे पडले. माशाने आमच्या माणसांचं काय केलं असं माझी नातवंडं विचारतात, त्यांना मी केझायाच्या हातांचं सांगते. पुढं मासा बर्फात गोठवणारे कारखाने आले, माच मोडून जळणाला गेले, परदेशी जहाजांनी समुद्र खरवडून काढला, आणि शेवटी सरकारने मासेमारीच बंद केली. तेव्हा केझाया नव्हती.

पण त्या उन्हाळ्यात होती. आणि त्या उन्हाळ्यातही, ऑगस्टातल्या एका रविवारी, चार दिवसांच्या धुक्यानंतर ऊन पडलं. या वेळी मासा ढिगात झाकलेला होता. दुसऱ्या गीताच्या मध्यावर केझाया उठली. बाकावरून बाहेर पडताना तिच्या झग्याचा सळसळ आवाज झाला तेवढाच. मिस्टर हॉलेट एक शब्द चुकले.

या वेळी ती पळाली. साली फेकल्या, दगड ढकलले, मासा पसरत सुटली, चांगल्या झग्यात, गुडघ्यांवर. निम्मा माच भरला असेल नसेल, तोच तिच्या हाताच्या पाठीवर काहीतरी गार लागलं. तिने वर बघितलं. खाडीच्या तोंडातून धुकं आत येत होतं, घाई न करता, चर्चला उशिरा येणाऱ्या श्रीमंत माणसासारखं.

केझाया माचावर बसली. "अरे, काय पाहिजे तरी काय तुला?" ती मोठ्याने म्हणाली. "नाही केलं तर भाजतोस. केलं तर भिजवतोस. एकदा सांगून टाक ना!"

मागे दांड्यांवर लंगडं पाऊल वाजलं. एलमही चर्चमधून उठून आला होता. तो खाली वाकला आणि मासे गोळा करायला लागला.

"तू कशाला आलास?" ती ओरडली. "रविवार माझा मोडला होता. तुझा तरी शाबूत ठेवायचास."

"एकट्याने ठेवून काय करू?" तो म्हणाला. "उचल. त्या टोकापासून तू घे."

केझायाने डोळे पुसले, ते धुक्याने ओले झाले होते की कशाने, कुणी विचारलं नाही. ती टोकाला गेली आणि दोघांनी मासा झाकायला सुरुवात केली.